एका घरातली एक मुलगी

माझा स्वभाव संशयी नाही. मला फक्त इतरांच्या आधी कळतं, एवढंच.

माझं शिक्षण चौथी. सांगलीतल्या एका दवाखान्यात मी तीस वर्षं आया होते. पेशंट दारातून आत आला की त्याला काय झालंय ते मी डॉक्टरांच्या आधी सांगायचे. (बरोबर यायचं नाही. पण आधी सांगायचे!) माझी सून सुनीता त्याच दवाखान्यात नर्स आहे. मी आया, सून सिस्टर, म्हणजे नात रिबेका मेट्रन होणार, हे तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरलं. रिबीला विचारायचं तेवढं राहिलं. पण ती तेव्हा तीन महिन्यांची होती, आणि नंतर कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा रिबी बारावी झाली. परीक्षा संपली तरी ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी डबा घेऊन बाहेर. विचारलं तर म्हणे, "मैत्रिणीकडे अभ्यासाला."

परीक्षा संपल्यावर अभ्यास? आमच्या घराण्यात परीक्षेच्या आधीसुद्धा कोणी केला नाही!

मी तिचे धुवायचे कपडे तपासले. खिशात चार बेदाणे निघाले. पुढच्या आठवड्यात मूठभर. त्याच्या पुढच्या आठवड्यात लांबट, हिरवे, भारी प्रतीचे, आणि सोबत तासगावचं एसटीचं तिकीट. (बेदाणे पुरावा म्हणून ठेवायला हवे होते. मी खाल्ले.) वर एकदा ती मोरीत फोनवर बोलताना ऐकू आलं, "शुक्रवारी नक्की येते. घरी सांगितलं नाही अजून. आजीला तर मुळीच नको."

तासगावात आमचं कोण आहे? कोणी नाही. मग बेदाणे देतं कोण? बेदाण्याचा व्यापारी. आणि व्यापाऱ्याला काय असतो? मुलगा! इतकं सरळ होतं.

मुलाला, शमुवेलला, सांगितलं. तो म्हणाला, "आई, पोरीला बेदाणे आवडत असतील." या माणसाला बँकेने शिपाई म्हणून कसं ठेवलंय, देव जाणे.

म्हणून बुधवारी मी चर्चच्या भगिनी मंडळात प्रार्थनेचा विषय दिला. आमच्याकडे रीत अशी आहे की अवघड गोष्ट असेल तर नाव घ्यायचं नाही. 'एका घरातला एक भाऊ' म्हणायचं. नाव घेतलं नाही की ती चहाडी होत नाही, प्रार्थना होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "एका घरातली एक मुलगी वाट चुकते आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा."

बायकांनी अशी प्रार्थना केली, अशी केली, की छताचा पंखा हलला. आमेन झालं आणि एलिझाबेथ माझ्याजवळ सरकली.

"मार्थाबाई, आमच्या नॅन्सीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी काही बोलायच्या आत दुसरीने पदर ओढला. "आमची शेरॉन तशी नाही हो! तो मुलगाच मागे लागलाय!"

चपला घालेपर्यंत पाळकबाई आल्या. डोळे लाल. "आमच्या ग्रेसचं एवढ्यात पाळकसाहेबांच्या कानावर घालू नका."

माझ्या एका मुलीच्या चार झाल्या! शनिवारपर्यंत मंडळीतल्या सहा मुलींचे फोन काढून घेतले होते. रविवारी पाळकसाहेब उधळ्या पुत्रावर बोलायला उभे राहिले आणि सगळा उपदेश उधळ्या कन्यांवर केला. (ग्रेस पहिल्याच बाकावर मान डोलावत होती. हुशार पोरगी!)

प्रार्थना सांगलीत झाली, पण आमेन साताऱ्यात ऐकू गेलं. रविवारी दुपारी साताऱ्याहून माझी बहीण हन्ना हिचा फोन. "अक्का, कोणाची पोरगी गं? आणि रिबीला इकडेच पाठव. इथं नर्सिंगला घाला, मी लक्ष ठेवते." हन्नाने लक्ष ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत. तिचा नवरा अजून घरात शिरताना खोकतो.

झालं. शमुवेलने ठरवलं, सातारा आणि नर्सिंग. विद्यापीठाचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. कोर्स पसंतीच्या क्रमाने टाकायचे आणि एकदा फॉर्म गेला की बदल नाही. शेवटचा दिवस सोमवार, संध्याकाळी पाचपर्यंत. रिबी नुसती ताटातला भात इकडून तिकडे करत बसली. मला वाटलं, प्रेमभंग. मी तिचा फोन काढून घेतला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला.

सोमवारी बापलेक फॉर्म भरायला सायबर कॅफेत गेले, आणि मी तासगावची एसटी धरली. त्या मुलाला समोरासमोर झापल्याशिवाय मला जेवण जाणार नव्हतं. फोन पिठातून काढून पिशवीत घेतला. घरात ठेवायला माझा कोणावर विश्वास नाही.

गाव तिकिटावरून कळलंच होतं. स्टँडपासून रिबीबद्दल विचारत, उन्हातून चालत, द्राक्षं सुकवायच्या चौथ्या शेडवर पत्ता लागला. सुकवणी संपली होती, बायका ओळीने बसून बेदाणा निवडत होत्या. मधे खुर्चीवर शेडची मालकीण, सिंधूताई. माझ्याच वयाची, माझ्याहून मोठ्या आवाजाची.

"रिबेका नावाची मुलगी इथं येते?"

"येती की! लय गुणाची पोर हाय. तुमी कोण?"

"आजी. तुमचा मुलगा कुठं आहे?"

"मुलगा? मला तिन्ही पोरीच हायत. का?"

मी कोपऱ्यात बघितलं. मालकीण लपवत असेल. तिथं एक कुत्रं झोपलं होतं.

"मग रिबी येते कशाला?"

"आवं, म्हातारे, शिकाय येती! कुठल्या थराला वारं लागंना, कुठला माल काळा का पडतोय, समदं इचारती, वहीत लिवती. माझा जुना मुकादम जे वीस वर्षांत सांगू शकला न्हाई ते पोरीनं चार मंगळवारात सांगितलं. तिला त्ये अन्नाचं टेक्नॉलॉजी करायचंय. म्या म्हनलं, घरी सांग की. तर म्हनती, आजीला सांगितलं की समद्या चर्चला कळतंय."

एवढं ऐकून घ्यायला मी पंधरा मैल आले नव्हते. तेवढ्यात पिशवीत रिबीचा फोन वाजला. पीठ झटकून कानाला लावला.

"आई! फोन तुझ्याकडे आहे होय? परत घरी जाऊन अख्खा डबा उपसला! त्याच्यावर ओटीपी आलाय बघ, सहा आकडे. लवकर सांग."

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? शमुवेल!"

"सगळे तसंच सांगतात. तूच म्हणाला होतास, मुलगा म्हणून फोन आला तरी ओटीपी द्यायचा नाही."

"अगं आई, पाचला वीस मिनिटं कमी आहेत!"

"घाई करतो तोच चोर असतो. हेही तूच म्हणालास. प्रभूची प्रार्थना म्हणून दाखव."

कॅफेतल्या चार पोरांसमोर त्याने प्रार्थना सुरू केली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथपर्यंत आला आणि अडकला. लहानपणापासून भाकरीपाशीच अडकतो. माझाच मुलगा, शंका नको.

"बरं. फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला काय टाकलंस?"

"नर्सिंग. सातारा."

मी समोर पाहिलं. सिंधूताईच्या हातात रिबीची वही होती. पानोपानी बारीक अक्षर, मधे बेदाण्यांची चित्रं. निम्मे शब्द मला लागले नाहीत. पण दवाखान्यात माझ्या हाताखाली कितीतरी पोरी शिकून गेल्या, त्यातल्या एकीनेही कोणी सांगितल्याशिवाय असं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मग ओटीपी मिळायचा नाही," मी म्हणाले. "रिबीला दे फोन."

"आजी?" आवाज बारीक.

"खोटं बोललीस माझ्याशी."

"तू माझा फोन पिठात पुरलास."

"ते वेगळं. पहिल्या नंबरला तुला काय पाहिजे ते टाक. बाप काय म्हणतो बघू नकोस. आकडा माझ्याकडे आहे."

तिकडे शमुवेल ओरडला, सुनीताला काय सांगू, हन्नामावशीला काय सांगू. इकडे रिबीने टाकलं ते टाकलंच. चष्मा मी घरी विसरले होते, म्हणून आकडे सिंधूताईंनी वाचले, असे की तासगावच्या अर्ध्या बाजाराला पाठ झाले असतील. पाचला सात मिनिटं असताना फॉर्म गेला.

रिबीला पुढे पहिल्या नंबरचंच मिळालं. त्या सोमवारपासून सुनीता माझ्याशी पाच दिवस बोलली नाही. मी म्हटलं, होईल शांत, नर्स आहे.

पुढच्या बुधवारी भगिनी मंडळात सुनीता उभी राहिली. "एका घरातली एक आजी," ती म्हणाली, "संशयाने पछाडली आहे. नाव घेत नाही."

मला फार वाईट वाटलं. कोणाच्या घरात असेल बिचारी! घरच्यांचं काय होत असेल! मी डोळे घट्ट मिटले आणि सगळ्यांहून मोठ्याने प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले, तर सगळ्या बायका माझ्याकडेच बघत होत्या.

ती आजी कोण, हे त्यांना कळलेलं दिसतंय. मला मात्र कोणी सांगत नाही. पण माझा एलिझाबेथवर संशय आहे.