नोंदवहीतला ताप

ओझेला प्रुइटने अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका लहानशा गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. काळी पोरं असोत की गोरी, तिने आरशातून नुसतं पाहिलं की बसमध्ये चिडीचूप. निवृत्त झाल्यावर तिने एकच काम हाती घेतलं: आजोबांचं मरण सरकारी वहीत खरं लिहवून घ्यायचं.

आजोबा सायलस यांना १९१९ साली गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्याच कापसाच्या शेतात गोळ्या घातल्या. घरच्यांनी नेसत्या कपड्यांनिशी गाव सोडलं; पुढे ओझेलाचे वडील तेवढे परतले. बावीस एकर जमीन मारेकऱ्यांपैकीच एकाने बळकावली. वहीत मात्र लिहिलं होतं, 'तापाने मृत्यू'.

कचेरीतला कारकून दरवेळी म्हणायचा, "पुरावा आणा, बाई."

"मारणाऱ्यांकडून पावती घ्यायची राहिली बघा आमची," ओझेला सुनवायची.

सहा वर्षं असे हेलपाटे झाले. मग एका रविवारी ती चर्चमधून परतली, तर दारात मार्था लिंडसे उभी. गोरी, सत्तरीची. ती बावीस एकर आता तिच्या नावावर होती.

"माझ्या आजोबांचं पत्र आहे," जुनं पाकीट पुढे करत मार्था म्हणाली. "भावाला लिहिलेलं. कोणाकोणाच्या हातात बंदुका होत्या, सगळं आहे. त्यांच्याही हातात होती."

ओझेलाने उभ्याउभ्याच वाचलं. "कधी सापडलं हे?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं! मी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते, ते दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं. धीर होत नव्हता."

ओझेला तिला आत ये म्हणाली नाही. "बुधवारी माझ्या अर्जाची सुनावणी आहे, कोर्टात ये," एवढंच म्हणाली. "तुझ्या तोंडाने सांग."

मार्था आली. पत्र वाचताना तिच्याच भाऊबंदांनी मागून 'घरभेदी' म्हणून हिणवलं, तरी ती थांबली नाही. न्यायाधीशांनी नोंद बदलायचा हुकूम दिला: 'जमावाकडून हत्या'. ओझेला त्या दोन शब्दांवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

बाहेर आल्यावर मार्था म्हणाली, "जमीनही तुमच्या घराण्याच्या नावावर करतेय. आभार मानू नका."

"मानणारच नव्हते. आमचीच आहे ती." मग ओझेला म्हणाली, "पण आलीस, ते बरं केलंस."

मे महिन्यात शिकागो, डेट्रॉइटहून सायलसचे नातू-पणतू आले, एक्केचाळीस जण. जमिनीच्या वाटण्या करायला खुंट्या ठोकायला घेतल्या आणि लगेच भांडण जुंपलं.

"ओढ्याकडची बाजू माझी!" चुलतभाऊ क्लीओटिस ओरडला.

"पोहता येतं का तुला?" त्याच्या बहिणीने विचारलं.

ओझेलाने हसत हसत डोळे पुसले. "भांडा रे, पोटभर भांडा," ती म्हणाली. "आपल्या जमिनीवर भांडतोय आपण."