ओली पाटी

"यांना काय प्यायला आवडायचं?" नर्सने विचारलं, तेव्हा संघपालचं बोलणं थांबून दोन दिवस झाले होते. गिळता येत नव्हतं, ओठांना भेगा पडल्या होत्या. हॉस्पिसमध्ये, म्हणजे माणसाला शेवटचे दिवस वेदनेशिवाय काढू देतात त्या ठिकाणी, अशा वेळी आवडत्या पेयात छोटा स्पंज बुडवून रुग्णाचं तोंड ओलं करतात. कॉफी चालते, सफरचंदाचा रस चालतो, बिअरसुद्धा चालते. खोलीत आमच्याबरोबर थोम्स होता, मोझेल नदीकाठचा सत्तरी ओलांडलेला द्राक्षबागायतदार. त्याने पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याच्याच बागेतली रीझलिंग वाइन. त्या बागेच्या जमिनीचा अभ्यास संघपालने एकोणीस वर्षं केला होता. नर्सने बाटली पाहिली, हसली आणि परवानगीसाठी माझ्याकडे वळली. कारण संघपालच्या वतीने निर्णय घेणारा म्हणून कायदेशीर कागदावर माझं नाव होतं... आणि त्याच्या वाइनबद्दल निर्णय द्यायला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता.

आम्ही दोघं नागपूरचे, एकाच वस्तीतले, एकाच बुद्धविहारात पंचशील म्हणत वाढलेले. मी आयटीत शिरलो आणि फ्रँकफर्टशेजारी एश्बॉर्नला येऊन पडलो. तो मृदाशास्त्र शिकला, पीएचडीसाठी जर्मनीत आला आणि मोझेलच्या उतारांनी त्याला जो धरला तो धरलाच. तिथले उतार इतके उभे की मी खालूनच बघायचो. माती जवळजवळ नाहीच, नुसत्या दगडाच्या चिपा, कुठे निळसर तर कुठे तांबूस. आपण शाळेत ज्या पाटीवर लिहायचो तोच हा दगड. दिवसभर ऊन पितो आणि सूर्य गेल्यावर वेलींना ऊब देत राहतो, मुळं त्याच्या फटीतून खोल उतरतात. हे सगळं संघपाल फोनवर तासतासभर सांगायचा आणि मी 'हं, हं' करत ईमेल लिहायचो. लहानपणी तो पाटी थुंकीने पुसायचा आणि काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, धपाटा खायचा. "विद्येला थुंकी लावतो का रे?" काकूंना स्वतःला पाटी कधी मिळाली नव्हती, म्हणून धपाटा जरा जोरात बसायचा. पुढे जर्मन लोक आपापल्या वह्यांत पीच, लिंबू, सफरचंद असल्या चवी लिहीत असताना हा पठ्ठ्या मराठीत लिहायचा, 'ओली पाटी'. तापलेल्या कोरड्या वर्षाच्या वाइनपुढे लिहायचा, 'पाटी कोरडी, नुसतं फळ'. थंड, रेंगाळलेल्या वर्षाच्या वाइनपुढे, 'आत्ताच पुसलेली'.

पण तो वाइन पीत नव्हता. तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि थुंकायचा. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं, आणि ते त्याने असं सांभाळलं होतं. हे मला माहीत होतं असं मी आज म्हणतो. तेव्हा माहीत होतं का? त्याने सांगितलं होतं, एवढं खरं. मी मनात म्हणायचो, चल, कुणाला सांगतोस!

मग तो फोटो. त्याच्या हातात ग्लास, ओठाला लावलेला, मागे द्राक्षबाग. त्याने मला एकट्याला पाठवला होता. मी तो गंमत म्हणून आमच्या इथल्या मराठी बौद्ध मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमचे शास्त्रज्ञ ड्युटीवर!' पुढे दोन हसरे चेहरे. आठवडाभरात फोटो नागपूरला काकूंपर्यंत पोचला. त्यानंतर भीमजयंती आली. एश्बॉर्नच्या भाड्याच्या हॉलमध्ये दरवर्षी वंदना संघपाल घ्यायचा, आवाज चांगला होता. त्या दिवशी तो पुढे जायला उठला आणि एक ज्येष्ठ काका म्हणाले, "थांबा जरा. जो स्वतः घेतो त्याने इतरांना पंचशील द्यावं का, हे आधी ठरू द्या."

 हॉलमध्ये मुलं जर्मनमध्ये कुजबुजत होती. संघपालने काकांकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू सांग बे. तू मला गिळताना कधी पाहिलंस?" शंभरएक माणसं माझ्याकडे बघत होती. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याला थुंकतानाही मी पाहिलं नव्हतं, आणि फोटो तर मीच टाकला होता... मी खाली बघितलं. तो दोन क्षण थांबला, मग मागच्या रांगेत जाऊन बसला. सगळ्यांबरोबर वंदना म्हणाला, पाचही शीलं मोठ्याने म्हणाला. त्यानंतर पुढे उभा राहायला तो कधीच उठला नाही, आणि आम्हीही त्याला बोलावलं नाही.

त्याने माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. उलट त्याच वर्षी, द्राक्षं उतरवून झाल्यावर, त्याने मला बोलावून घेतलं आणि सरळ थोम्सच्या तळघरात नेलं. दुपारची वेळ, पण आत अंधूक आणि गार. टेबलावर सात ग्लास, एकाच बागेच्या सात वर्षांचे. बाकी सगळ्यांसाठी थुंकायला मातीचं भांडं होतं, याच्यापुढे मात्र नागपूरहून आणलेला स्टीलचा लोटा. तो एकेक घोट घेई, डोळे मिटे. थोम्स त्याच्या तोंडाकडे बघत होता, कारण कुठल्या वर्षी पाऊस कधी पडला हे संघपाल चवीवरून सांगायचा. मी बघत होतो त्याच्या गळ्याकडे. सातवा घोट त्याने फार वेळ धरला. मी मोजत होतो. गळ्याची घाटी किंचित हलली असं मला वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. हलली असती तर मी खरा ठरलो असतो ना! तेवढ्यात लोट्यात टण्ण आवाज झाला. डोळे न उघडता तो म्हणाला, "काय बघून राहिला बे? गळा?"

परत निघताना मी विचारलं, "कधी वाटत नाही का रे, एकदा गिळून बघावं?"

"वाटते ना. रोज वाटते."

"मग?"

"मग काय, थुंकतो."

मी माफी मागायला हवी होती. मी बसचं वेळापत्रक काढून बघत बसलो.

दोन वर्षांनी यकृताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांच्या मते मूळ लहानपणीच्या काविळीत होतं. ग्रुपवर मात्र कुणीतरी लिहिलंच, 'वाइन कुणाला सोडत नाही.' या वेळी मी उत्तर टाइप केलं आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. त्याच आठवड्यात तो फोरझोर्गेफोलमाख्ट घेऊन माझ्याकडे आला. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोण बोलेल, ते ठरवणारा हा कागद. त्याने लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण नव्हते, पण मित्र होते की! मी म्हटलं, "माझं नाव? मी तर त्या दिवशी तोंड उघडलं नाही." तो पेनचं टोपण काढत म्हणाला, "म्हणूनच. एकदा गप्प बसून पाहिलंस. आता बोलशील."

आणि आता नर्स माझ्या बोलण्याची वाट बघत होती. स्पंजची काडी तिच्या हातात तयार होती. रोज वाटते, असं तो म्हणाला होता. दोन थेंबांनी कुणाचं काय बिघडणार होतं? कदाचित त्याला हवंही असेल, मला कसं कळावं? पण तोंडात आलेलं बाहेर टाकण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. आयुष्यभर जे त्याने स्वतः केलं ते आता दुसऱ्या कुणीतरी करायचं होतं. 

"वासर," मी म्हणालो. "फक्त पाणी."

मला वाटलं थोम्स दुखावणार. त्याने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं आणि "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत बाटली पिशवीत परत ठेवली. मग कोटाच्या खिशातून तळहाताएवढी निळसर चीप काढली, बेसिनच्या नळाखाली भिजवली आणि संघपालच्या नाकाजवळ धरली. नर्स पाण्याने त्याचे ओठ ओले करत होती. खोलीत आमच्या शाळेचा वास आला. त्याचा श्वास एकदा लांब गेला... की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक विचारू का रे? तो प्यायचा का?"

"नाही, काकू. मी स्वतः बघितलंय. कधीच नाही."

 काकू म्हणाल्या, "मले माहीत होतं. कोणी म्हणत नव्हतं, एवढंच." ते म्हणू शकणारा माणूस त्या हॉलमध्ये होता, काकू, आणि तो खाली बघत होता. हा लेख त्याने लिहिला आहे.

गेल्या शनिवारी थोम्सने मला तळघरात बोलावलं. टेबल तसंच, सात ग्लास, आणि संघपालच्या जागी घासूनपुसून ठेवलेला लोटा. त्याने मला तिथेच बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा वाइन तोंडात घेतली. आधी आंबट, मग काहीतरी गोडसर, मग मागून, खरंच, ओली पाटी. जीभ, टाळू, घसा, सगळं ते आत ओढून घेत होतं. नुसतं तोंड मिटून बसलो असतो तरी ते आपलं आपण खाली उतरलं असतं. डोळ्यांत पाणी आलं. कसाबसा लोट्यावर वाकलो आणि थुंकलो. टण्ण.

 थोम्सने दुसरा ग्लास पुढे सरकवला. अजून सहा बाकी होते.