शेवटचं पाणी

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत साय धुण्याचं काम इन्शिराहचं. मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म हानी, म्हणजे हानीची आई, म्हणत. साय दुधाची नव्हे; खजुराच्या पाकावर जिवाणू जी पांढरी, बुळबुळीत साय धरतात ती. कॉस्टिक सोड्यात उकळून जिवाणू मारायचे, मग सोडा पुरता निघेपर्यंत पाणी बदलत राहायचं. भाजलेल्या माणसाच्याच कातडीच्या पेशी त्या सायीवर वाढवायच्या आणि ती साय जखमेवर लावायची.

पाणी बदललं की साय बराच वेळ भिजू द्यावी, मगच पाण्यात कागदाची पट्टी बुडवून सोडा तपासावा, हे उम्म हानीनंच मला दटावून शिकवलं होतं. पण रमजानातल्या त्या संध्याकाळी तिच्याकडे सासरचा सगळा गोतावळा इफ्तारला येणार होता आणि भाजी अजून चिरायची होती. तिनं शेवटचं पाणी ओतलं आणि लगेच पट्टी बुडवली. कोरं पाणी ते, पट्टीचा रंग बदलणारच नाही. सोडा सायीच्या पोटातच राहिला.

त्या सायीवर रहमाच्या पेशी पेरल्या. उकळत्या चहानं छाती भाजलेली लहान पोर. मांडीची कातडी काढून मिळवलेल्या त्या पेशी. सगळ्या मेल्या.

"पोरीच्या पेशींतच दम नाही," आमच्या प्रमुख डॉक्टर सौसन म्हणाल्या. "यादीतून तिचं नाव काढा, दुसरं कोणी घेऊ."

 रोजा सोडताना उम्म हानीनं खजूर उचलला आणि परत ताटात ठेवला.

"माझं पाप त्या पोरीच्या माथी मारतायत," ती मला म्हणाली. "आणि मी ऐकत उभी राहिले."

"मग सांगून टाक ना. खातील का तुला?"

"खाल्लं तर बरं होईल गं."

तिनं सांगितलं. डॉक्टर वाट्टेल ते बोलल्या, पण रहमाचं नाव राहिलं. मात्र कातडी पुन्हा काढावी लागणार होती, आणि ते रहमाच्या आईला सांगायलाही उम्म हानीच गेली. मी सोबत होते.

 आई म्हणाली, "रोजा होता तुझा. होतं असं, उम्म हानी."

"रोजा माझा होता, बाई. कातडी तुझ्या पोरीची गेली."

रहमा खाटेवरून सगळं ऐकत होती. तिनं झग्याची दुसरी बाजू वर केली.

"या पायाची घ्या," ती म्हणाली. "हा अजून दुखत नाही."