संध्याकाळची धार

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. निफाडकडे एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात आम्ही मेंढ्या बसवल्या होत्या. लेंड्यांचं खत त्याला, चारा आम्हाला. पाल टाकून तिथंच मुक्काम. माझी लेक आठ महिन्यांची होती आणि जुलाबांनी पार वाळून गेली होती. डॉक्टर म्हणाले, अंगावरचं पुरत नाही, वरचं दूध द्या. वरचं दूध म्हणजे आमच्याकडे मेंढीचंच.

सासूबाईंचा नियम साधा होता. मेंढीला दोन सड. सकाळी एकदाच, एकाच सडाची धार काढायची, दुसरा कोकराचा. संध्याकाळी हात लावायचा नाही. दिवसभर पालापाशी बांबूच्या डालग्याखाली झाकलेली कोकरं तेव्हा आयांना लुचतात आणि रात्री पुन्हा झाकली जातात.

आमच्या वाट्याची मेंढी काळ्या कानाची. तिच्या धारेचं दूध जेमतेम वाटीभर. ते पाजलं की लेक रिकाम्या वाटीकडे बघत रडायची. मला ते बघवेना. त्यात मी मुळातली हट्टी. एका संध्याकाळी परतणारा कळप बांधावरच गाठला, त्या मेंढीला धरलं आणि दोन्ही सड पिळले. निघालं थोडंच, पण काय घट्ट होतं ते दूध. मग ते रोजचंच झालं.

पाच-सहा दिवसांनी बघते तर सकाळचं दूध घटलं नव्हतं, उलट चार घोट वाढलं होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, कास जितकी रिकामी करावी तितकी ती भरते, मग कोकराचं कुठं काय कमी होतंय? लेकीचे गाल भरायला लागले होते. मला तेवढंच दिसत होतं.

कोकराचं पोट मात्र पाठीला लागलं. सासूबाई म्हणाल्या, जंत झाले असतील. त्यांनी ओव्याचं पाणी पाजलं, अंगारा लावला. मी संध्याकाळची धार काढतच राहिले. एका सकाळी डालगं उचललं तर कोकरू गार पडलं होतं.

मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी कोकरू गोणपाटात गुंडाळलं आणि माझ्या लेकीकडे बघितलं.

"मला सांगायचं व्हतं, बाई. चार मेंढ्यांचं थोडं थोडं काढून दिलं असतं. येकीवरच येवढा भार टाकत नाय."

मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

त्या संध्याकाळी कळप आला. काळ्या कानाची मेंढी धावत डालग्यांपाशी गेली आणि एकेक हुंगत ओरडत राहिली. मी पालातून बाहेर येईना. सासूबाईंनी तांब्या आणून माझ्या हातात दिला.

"जा, धार काढ. आता दोन्ही येळा काढावी लागंल, नाय तर आटंल ती."

मी बसले. मेंढी मान वळवून माझे हात हुंगत होती. त्या दिवशी तांब्यात पहिल्यांदाच लेकीला पुरेल एवढं दूध होतं.