उजव्या पायाबरोबर उजवा हात

आईशप्पत सांगतो, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे, सगळ्याच ठिकाणी नव्हतो. काही ठिकाणी जरा उशिरा पोचलो, आणि एका प्रसंगी तर मी चक्क रजेवर होतो. पण रजेवर असूनही मला सगळं स्वच्छ दिसलं, याला मी काय करू!

पोलीस खात्यात किस्से जमवावे लागत नाहीत. आमच्या रत्नागिरीच्या कवायत मैदानावरची तांबडी धूळ कशी, सकाळी बुटांना कितीही पॉलिश मारा, संध्याकाळी येऊन बसलेलीच! तसेच हे किस्से. आता केस पिकले, पोट पट्ट्याच्या बाहेर आलं, तरी चार जुने दोस्त जमले की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो हनीफचा किस्सा सांग ना!" कुठला, ते कुणी सांगत नाही. कारण आमच्या बॅचचा कुठलाही किस्सा काढा, तो फिरून फिरून हनीफपाशीच येतो.

*

साल अठ्ठ्याण्णव. आम्ही नुकते भरती झालेलो. ट्रेनिंग सेंटरला जागा होईपर्यंत आम्हाला जिल्ह्याच्या मैदानावरच घोटून काढायचं ठरलं. घोटणारे होते जगताप उस्ताद. साताऱ्याकडचे. छाती दरवाजासारखी, आवाज भोंग्यासारखा. नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते प्रत्येकाला गावावरून हाक मारायचे. मी "मंडणगड". आंजर्ल्याचा एक होता, तो "आंजर्लं". हनीफ किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याच्या गावाचं नाव उस्तादांच्या जिभेला वळेना, म्हणून तो "दर्या"!

हा दर्या एरवी अगदी सरळ चालायचा. पण "तेज चल!" ऐकलं रे ऐकलं की काय व्हायचं कोण जाणे, उजवा पाय आणि उजवा हात एकदम पुढे! मग डावा पाय, डावा हात! सगळं अंग एका बाजूने उघडायचं आणि दुसऱ्या बाजूने मिटायचं.

उस्ताद पहिल्या दिवशी नुसते बघतच राहिले. मग म्हणाले, "आरं लेका, तू मानूस हायेस का कपाटाचं दार?"

हनीफ काकुळतीला येऊन म्हणाला, "उस्ताद, पाय तुमचं ऐकतात हो. पण हात पायाचं ऐकतात!"

आम्ही हसलो आणि सगळ्या स्क्वॉडला रगडा मिळाला. रगडा म्हणजे घाम निघून संपेपर्यंत पळणं. पण हनीफला हसू येत नव्हतं. त्या दिवशी सावलीत बूट काढताना त्याने मला खरं काय ते सांगितलं. त्याचे अब्बा तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. मोठे दोन्ही भाऊ कुवेतला मामूकडे. याच्यासाठीही मामूने व्हिसा पाठवून ठेवलेला. अब्बांनी एकच अट घातली होती, "या बॅचबरोबर सेंटरला गेलास तर पोलीस हो. मागे राहिलास तर विमानात बस."

"तुला नाही जायचं?" मी विचारलं.

"भाऊ दोन वर्षांनी येतात रे, पाव्हण्यासारखे," तो म्हणाला. "अम्मी त्यांना चांगल्या कपातून चहा देते. मला फुटक्या कपातलाच बरा वाटतो."

आणि सेंटरला जायचं तर आधी मोठ्या साहेबांसमोर कवायतीची परीक्षा पास व्हायची. आता बोला!

*

मैदानाबरोबर वर्गही असायचा. पंचनामा शिकवायला एक फौजदार साहेब यायचे. त्यांनी आपली टोपी टेबलावरून उचलून लपवली आणि म्हणाले, "चला, टोपी चोरीला गेली. चतुःसीमा लिहा!"

आम्ही लिहिलं: पूर्वेस दरवाजा, उत्तरेस फळा. हनीफने लिहिलं: "पश्चिमेस समुद्र. पूर्वेस डोंगर. दक्षिणेस आमची बोट, पण ती सध्या बाहेर गेली आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बरं, ते राहू दे. चोर कुठल्या दिशेने पळाला असेल?"

हनीफ उभा राहिला, सावधान झाला आणि म्हणाला, "साहेब, आधी भरती का ओहोटी ते सांगा!"

*

मे महिन्यात कामाची सवय व्हावी म्हणून आम्हाला शहरातल्या एका ठाण्यात पाठवलं. तिथे पावसच्या एका बागायतदाराचे चोरीला गेलेले हापूस पकडून आणले होते. चोरही सापडला होता. आंब्यांच्या पेट्या कोपऱ्यात रचल्या, आणि राखायला कोण? तर दर्या आणि मंडणगड!

मोठे साहेब दौऱ्यावर जाताना बजावून गेले, "मुद्देमाल आहे. एकही आंबा खाल्लात तर घरी पाठवीन. आणि एकही खराब होता कामा नये!"

आता मला सांगा, मे महिना, बंद खोली, आणि हापूस. आंब्यांना काही खात्याची शिस्त नसते. ते पिकायला लागले. वास असा सुटला, की तक्रार नसलेली माणसंही ठाण्यात येऊन बसायला लागली! मी म्हटलं, "हनीफ, हे आता नासणार. साहेबांना निरोप धाडू." तो म्हणाला, "आंबा टिकवायची काय पद्धत नाही काय आपल्याकडे?"

मी नेमका दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेलो. हो, हीच ती रजा.

मैदानाच्या मागे लक्ष्मीकाकूंचं घर होतं. हनीफने पेट्या तिकडे नेल्या. काकूंनी रस काढला, ताटांना तूप लावलं, आणि सगळा मुद्देमाल अंगणात उन्हात वाळत घातला. हनीफ पहाऱ्याला. कावळ्याला सुद्धा चोच लावू दिली नाही! तारखेच्या दिवशी पठ्ठ्याने कोर्टात काय हजर केलं? आंबापोळ्यांची चळत! आणि सोबत पुरावा म्हणून धुऊन वाळवलेले सगळे बाठे, गोणत्यात भरून, वर लाखेचं सील!

चोराचा वकील उसळला, "हे आंबेच नाहीत! फिर्यादी माल ओळखणार कसा?"

बागायतदार पुढे आले. आंबापोळीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. मग म्हणाले, "माझाच. विहिरीवरच्या कलमाचा!"

तेवढ्यात मागून पिंजऱ्यातून चोर ओरडला, "खोटं! विहिरीवरच्या झाडाला मी हात पण लावला नाही. हा कुंपणाच्या गडग्याकडचा आहे!"

केस तिथेच निकालात निघाली. पण आमचे मोठे साहेब खूश होतील असं वाटत असेल तर तुम्हाला साहेब ही जात माहीत नाही. हनीफला समोर उभं करून ते म्हणाले, "सरकारी मुद्देमालाचं पक्वान्न करतोस? आता कवायतीच्या परीक्षेत एवढंसं चुकलास तरी मागच्या बॅचला टाकीन. कुणाची रदबदली ऐकणार नाही!"

म्हणजे कुवेत आणखी जवळ आलं.

*

जुलैत मैदानाचा चिखल झाला, तरी उस्तादांची कवायत थांबेना. हनीफच्या हातामुळे सगळी रांग वाकडी जायची. एक दिवस उस्तादांचं डोकं फिरलं. "चला, समदे त्या कडंच्या चिखलात हुबं ऱ्हावा! मी येईस्तवर हलायचं न्हाई!"

तो चिखल म्हणजे लक्ष्मीकाकूंचं शेत. काकूंचे दोन्ही मुलगे मुंबईला, लावणीला माणूस मिळत नव्हतं. एवढे तरणेबांड मुलगे खाचरात नुसते उभे बघून त्या म्हणाल्या, "काय रे, देवळातल्या खांबासारखे उभे काय? वाका की जरा!"

आणि काकूंचे आंब्याचे उपकार होतेच. आम्ही वाकलो. आमच्यातले अर्धे शेतकऱ्यांचे, हातांना सवय. हनीफच्या सात पिढ्यांत कुणी भात लावला नव्हता, तोही माझ्या शेजारी लागला. उस्ताद परत आले, तर सगळं खाचर हिरवंगार, आणि रोपांच्या ओळी अशा, की दोरी लावून बघा!

उस्ताद बांधावर कमरेवर हात ठेवून उभे. शेवटी म्हणाले, "हितं येवढी सरळ लाइन! आन् माझ्या मैदानावर काय हुतंय रं तुमास्नी?"

काकूच म्हणाल्या, "तुमच्या मैदानात पिकतं काय, उस्ताद?"

त्या संध्याकाळी उस्ताद हनीफला घेऊन एकटेच मैदानावर थांबले. डावा पाय, उजवा हात. डावा पाय, उजवा हात. ओरडले नाहीत. मी फाटकाशी थांबलो होतो, बाहेर पडताना मला म्हणाले, "मंडणगड, पोरगं चांगलं हाय रं. जाऊ द्यायचं न्हाई त्येला."

*

आणि मग, पाऊस सरल्यावर, परीक्षेचा दिवस.

आदल्या दिवशी हनीफ सोडून आम्ही सगळे मैदानाच्या कडेला बसलो. आंजर्लं म्हणाला, "त्याचं चुकणार, हे नक्की. एकटा चुकला तर दिसेल. पण सगळेच त्याच्यासारखे चाललो तर?"

"तर काय?"

"तर ती चूक कुठली? ती पद्धत! साहेब लांब स्टेजवर. त्यांना काय दिसणार? सगळे एकसारखे!"

डोकं म्हणजे काय डोकं! आम्ही देवळामागच्या वाटेवर तालीमसुद्धा केली. उजवा पाय, उजवा हात. फार कठीण असतं हो ते! हनीफला वाईट वाटेल म्हणून त्याला काही सांगितलं नाही. उस्तादांना सांगायची तर छातीच नव्हती.

सकाळी साहेब स्टेजवर. फाटकाबाहेर घरची मंडळी. त्यांत हनीफचे अब्बा, पांढरी टोपी, काखेत कातडी बॅग. बॅगेत काय असणार, ते आम्हाला ठाऊक होतं. उस्तादांचा भोंगा वाजला, "स्क्वॉड, तेज चल!"

आणि आमची सगळी बॅच, एका दमात, उजव्या पायाबरोबर उजवा हात फेकत निघाली! काय तो डौल! एकाचंही चुकून बरोबर पाऊल पडलं नाही. शंभर कपाटांची दारं एकदम उघडत मिटत चालली होती म्हणा ना!

मधोमध हनीफ होता. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्याचे डोळे मोठे झाले.

आणि त्याचा डावा पाय पुढे पडला, उजवा हात वर गेला. मग उजवा पाय, डावा हात. छाती पुढे, मान ताठ. अख्ख्या स्क्वॉडमध्ये एकटा हनीफ बिनचूक चालत होता!

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जगताप, हे काय आहे?"

उस्तादांच्या गालांवर घाम होता का आणखी काही, लांबून कळलं नाही. सलाम ठोकून ते म्हणाले, "सर, ह्यो मधला एकटा पास. बाकी समदे नापास!"

आम्हाला पुन्हा परीक्षा द्यावी लागली, त्याआधीचा रगडा तर विचारूच नका. पण त्या सकाळी आम्ही धुळीत माखून फाटकाशी आलो, तेव्हा अब्बांनी बॅग उघडली, व्हिसा काढला आणि आमच्याकडे बघत म्हणाले, "एकच हाय. बोला, तुमच्यातला कोण जातो कुवेतला?"

*

आता खोटं काय, तेही सांगून टाकतो, उगाच शपथ अंगावर नको. ते कुवेतचं शेवटचं वाक्य माझं. मित्रांना आवडतं म्हणून मी ते अब्बांच्या तोंडी घालतो.

अब्बा काहीच बोलले नव्हते. त्यांनी बॅग खाली ठेवली, खिशातून रुमाल काढला, वाकले, आणि हनीफच्या बुटांवरची तांबडी धूळ पुसली.