चहापुरती थांबवलेली मालिका

हे गेले, मग आमची ती जुन्या काळातली प्रेममालिकाही संपली. लेक फोनवर म्हणाली, "आई, तसलीच दुसरी लाव. बग्ग्या, झुंबरं, सगळं आहे."

लावली. झगे तसेच, विरहही तसाच. जीव मात्र रमेना. मालिका काय, ढीगभर मिळतात. ती बघतानाचं घर कुठे शोधायचं?

नायक-नायिका जवळ आले, की हे लाजून उठायचे. "चहा टाकतो," म्हणायचे. ते कप घेऊन येईपर्यंत मी मालिका थांबवून ठेवायची.

काल दुपारी नव्या मालिकेत मेणबत्तीच्या उजेडात त्यानं तिचा हात धरला. माझ्या बोटानं आपसूक बटण दाबलं. पडद्यावरची दोघं तशीच थांबली, आणि मी स्वयंपाकघरात भांडं वाजायची वाट बघत बसले.