धाकू हेदवकराचं जोतं

पोफळीला विजेच्या कामासाठी डोंगर पोखरायला घेतला, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिथून दोन कोसांवरच्या वाडीत धाकू हेदवकर राहायचा. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा, पण नशिबाने पुरता नागवलेला. तीन मुलगे झाले, एकानेही दुसरा शिमगा पाहिला नाही. उरली एकटी गोदा, सहा वर्षांची. त्या माघात तिला ताप भरला, तो काही केल्या उतरेना. चिपळूणच्या डॉक्टरच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि पोरीच्या हातापायांच्या काड्या झाल्या.

शेवटी गुरवाने कौल लावला. कौल निघाला तो असा, की या घराचा मूळ देव उपाशी आहे. मूळ गावी जाऊन त्याच्यापुढे नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, पोर उठेल. आता मूळ गाव कुठलं, हे सांगायला काय पंडित हवा? आडनावच हेदवकर, म्हणजे गाव हेदवी! धाकूचा आजा रामा मुंबईहून आला तो हे आडनाव घेऊनच आला, आणि सासुरवाडीला घर बांधून राहिला. त्यामुळे वाडीत भाऊबंद म्हणावा असा कुणी नव्हता, आडनाव तेवढं होतं. सावित्रीने नारळ फडक्यात बांधून नवऱ्याच्या हातात दिला. गाऱ्हाण्यात पोरीचं नाव विसरू नका, असं तिने दोनदा बजावलं.

दोन दिवसांची पायपीट करून धाकू हेदवीला पोचला. गावकीत रावजीबाबांचा शब्द चालायचा. म्हातारा ऐंशीच्या घरातला, पण डोकं शाबूत. त्यांनी पाहुण्याला ओटीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि विचारलं, की बाबा, तू कुणाच्या घरचा? धाकूने आज्याचं नाव सांगितलं. रावजीबाबा बोटांवर घरं मोजत बसले.

त्यांच्याकडे शिमग्याला पालखी घरोघर जायची, तशी गाव सोडून गेलेल्यांच्या मोकळ्या जोत्यावरही टेकायची. घर पडून नुसता चौथरा उरला, त्यावर गवत माजलं, तरी गाव त्या घराचं नाव घेऊन नारळ फोडायचा आणि गेलेली माणसं जिथे असतील तिथे त्यांच्या लेकराबाळांना सुखी ठेव म्हणून सांगायचा. अशी अकरा जोती म्हाताऱ्याने नावानिशी सांगितली. त्यात रामाचं एकही नव्हतं.

मग एकदम त्यांनी विचारलं, की आज्याची डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली होती का? धाकूचा चेहरा फुलला. होती की! लहानपणी त्याच हाताला धरून तो चालायला शिकला होता. सापडलं घर, असं वाटून त्याने नारळाचं फडकं सोडायलाही घेतलं.

रावजीबाबांनी मात्र त्याचा हात धरून त्याला थांबवलं. मग सांगू लागले. त्यांच्या तरुणपणी मुंबईत गोदीजवळ हेदवीच्या वीस जणांची एक खोली होती. तिच्या पायरीवर एक उपाशी पोरगा येऊन बसला, तो रामा. गोदीचा मुकादम ओळखीच्या गावाचीच माणसं घ्यायचा, परक्याला उभा करायचा नाही.

"मीच सांगितलं मुकादमाला, ह्यो आमच्यातलाच, हेदवकर लिही. पोटाला भाकर मिळावी म्हणून सांगितलं रं."

"मग माझ्या आज्याचा गाव कुठला?"

"त्यानं सांगितला नाय. आमी इचारला नाय."

भलेपणा तरी कसला म्हणायचा हा! वीस जण एका ताटात जेवले, एका घोंगडीवर निजले, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की बाबा रे, तुझी माणसं कुठली? पण म्हाताऱ्यावर रागावून काय उपयोग? त्याचे डोळे पाण्याने भरले होते. नारळ आमच्या देवापुढे फोड, तो काय परका मानील तुला, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. धाकूने देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. पण मूळ देवाचा नारळ दुसऱ्या देवापुढे फोडायला त्याचा हात धजेना. तो तसाच परत फिरला.

घरी सावित्री पोरीला मांडीवर घेऊन दारात बसली होती. त्याच्या हातात नारळ तसाच बघून ती पोरीला घेऊन उठली. धाकूने तो तुळशीपुढे ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा, महाराजा..." पुढे गाव घ्यायचा असतो, मग घर, मग मागणं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अवो, थांबलात का? गावाचं नाव घ्या ना."

त्याला घेता आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गोदा गेली.

फाल्गुनात वाडीत ढोल वाजू लागले. धाकू घराच्या पायरीवर बसून होता. कुठल्या तरी गावात आज पालखी एका मोकळ्या जोत्यावर टेकली असेल. त्याच्या घराचं खरं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं असेल, त्याच्या लेकराबाळांना सुखी ठेव म्हणून देवाला सांगितलं असेल. वाडीची पालखी दाराशी आली तरी तो उठला नाही. सावित्री आत गेली आणि फडक्यात परत बांधून ठेवलेला तोच नारळ आणून तिने गुरवाच्या हातात दिला.